डाव्या पायाला रजा

गाडी क्लचशिवाय चालते, हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यापैकी एकही जण त्या दिवशी माझ्या गाडीत नव्हता. गाडीत मी होतो, शेजारी बायको होती आणि मागच्या सीटवर आमचे तीर्थरूप होते. सल्ला देणारी मंडळी आपापल्या गॅलरीत उभी राहून हात हलवत होती.

वास्तविक काम एवढंसं होतं. गाडी म्हातारी झाली की तिला तपासणी कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. तिथले अधिकारी तिच्याभोवती एक चक्कर मारतात आणि ती अजून रस्त्यावर यायच्या लायकीची आहे की नाही ते ठरवतात. आहे म्हणाले तर आणखी काही वर्षं मिळतात. नाही म्हणाले तर गाडी भंगारात. आमच्या गाडीची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि तपासणीची वेळही नेमकी त्याच दिवशीची मिळाली होती. ही वेळ मिळवण्यासाठी मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. ज्यांनी सरकारी वेबसाइटवर कधी अर्ज भरलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी भरला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

माझ्यापुरतं विचाराल तर गाडी भंगारात गेली असती तरी माझं काही अडत नव्हतं. मी बसने कामावर जातो. बसमध्ये निदान चूक ड्रायव्हरची असते. पण गाडी बाबांची. त्यांचा डावा गुडघा कामातून गेला, क्लच दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन खाली जातात, ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, काच खाली करतात, वाचतात, आणि अक्षरं दिसेनाशी झाली की काच वर करून घरी येतात. कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर म्हणतात, "कुठे नाही. जरा गाडी बघून आलो." खाली बागेत चांगला बाक आहे, तिथे बसत जा, असं एकदा माझ्या बायकोने सुचवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी तिच्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलणं ठेवलं.

तेव्हा गाडी गेली तर हा माणूस संध्याकाळी जाणार कुठे, हा खरा प्रश्न होता. घरात तो कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी गाडी जरा पुसावी म्हणून मी खाली गेलो. मुलगी दाखवायच्या आधी तोंड धुऊन घेतात, तसा माझा हेतू होता. आत बसून सहज क्लच दाबला, तर तो खाली गेला आणि खालीच राहिला. मी वाकून हाताने वर ओढला. सोडला. पुन्हा खाली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने टॉर्च मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "वायर तुटली."

"मग नवी घाल."

"या मॉडेलची वायर आता मिळत नाही. मागवावी लागेल."

"कधी येईल?"

"येईल," तो म्हणाला. मेकॅनिक लोक "येईल" म्हणतात ते आपल्याला धीर यावा म्हणून, वायर यावी म्हणून नव्हे. जाता जाता त्यानेच तो मंत्र दिला. "उद्या जायचंच असेल तर जा की. क्लच नसला तरी गाडी जाते." आणि टॉर्च खिशात घालून तो स्वतः मात्र चालत गेला.

मी कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गाडी टो करून आणली तर चालेल का, असं विचारलं. पलीकडची मुलगी म्हणाली, "नाही सर. गाडी स्वतःच्या बळावर आली पाहिजे."

"मग तारीख पुढची मिळेल का?"

"मिळेल सर. पण मुदत संपलेल्या गाडीला तारीख देत नाहीत."

"मुदत उद्या संपतेय."

"मग आजच वेबसाइटवर तारीख बदलून घ्या."

"वेबसाइट बंद आहे."

"मग उद्या बदला, सर."

ती इतकी गोड बोलत होती की मी तिचे आभार मानून फोन ठेवला.

तोपर्यंत गाडीभोवती सोसायटी जमली होती. आमच्याकडे कोणाच्या घरी दुखणं असलं तर लोक फोनवर विचारतात, पण गाडी बिघडली की जातीने खाली येतात. सोसायटीचे चिटणीस आले. त्यांचा आमच्या पार्किंगच्या जागेवर बरेच दिवस डोळा आहे. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि सांत्वनाला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "कशाला तिचे हाल करता? जाऊ द्या आता तिला." वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, पण इंजिनिअरला कुठल्याही नटबोल्टवर हक्क सांगता येतो. ते घरून दोन स्टीलच्या थाळ्या घेऊन आले आणि समोरासमोर धरून फिरवायला लागले.

"ही समजा इंजिनाची थाळी. ही चाकांची. दोन्ही सारख्या वेगाने फिरत असल्या तर मधे क्लचची गरजच काय? वेग जुळत नाही म्हणून क्लच लागतो."

"म्हणजे संसारासारखंच," माझी बायको म्हणाली.

"अगदी तसंच, वहिनी," ते म्हणाले. एवढ्यात वरून त्यांच्या बायकोने थाळ्या परत मागितल्या आणि व्याख्यान आटोपतं घ्यावं लागलं.

"पण वेग जुळला हे कळणार कसं?" मी विचारलं.

"कानाने. इंजिनाचा सूर ऐकायचा. तो जुळला की गिअर आपसूक पडतो."

यावर सगळ्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती गाण्याच्या शिकवण्या घेते. मला सुरातलं काही कळत नाही, हा निकाल आमचं लग्न नवं होतं तेव्हाच लागला आहे, आणि त्यावर अपील नाही. तेव्हा असं ठरलं की हातपाय माझे आणि कान तिचे. बाबा म्हणाले, "मीही येणार." त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी गाडीत बसले होते.

बिनक्लचची गाडी सुरू करायची रीत अशी. इंजिन बंद ठेवायचं, पहिला गिअर टाकायचा आणि सरळ किल्ली फिरवायची. स्टार्टर बिचारा इंजिनालाही ओढतो आणि गाडीलाही. गाडी एक उडी मारते, मग दुसरी, आणि मग चालायला लागते. पहिल्या उडीला चिटणीसांनी आपली स्कूटर वाचवली. दुसऱ्या उडीला आम्ही फाटकाबाहेर होतो.

आता दुसरा गिअर. मी पाय उचलला, गिअर काढून न्यूट्रलमध्ये आणला. बायकोने डोळे मिटले होते.

"थांबा. अजून वर आहे. उतरू दे. उतरू दे. आता."

मी टाकला. असा काही आवाज आला की फुटपाथवरच्या एका गृहस्थांनी स्वतःचा जबडा धरला.

"मी आता म्हटलं की आता," बायको म्हणाली.

"आताच टाकला."

"नाही. तुम्ही आधी विचार केलात आणि मग टाकलात. परत."

तिचा हा "परत" मी आतल्या खोलीतून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तो शिकवणीच्या पोरांसाठी असतो म्हणून मला त्याचं काही वाटत नसे. आता भर रस्त्यात, या वयात, माझ्यावर ती पाळी आली. मागून बाबा शांतपणे म्हणाले, "गिअरबॉक्स माझी आहे, एवढं लक्षात असू दे."

पण पडला. खरंच पडला. तिसऱ्या प्रयत्नाला तिने "आता" म्हणायला आणि माझा हात हलायला एकच गाठ पडली, आणि दुसरा गिअर काही न बोलता आत गेला. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिला न विचारता तिसरा टाकायला गेलो. त्याचं वर्णन नको.

खरी अडचण चालण्यात नसते, थांबण्यात असते. थांबलं की सगळं पहिल्यापासून. इंजिन बंद, पहिला गिअर, किल्ली, उड्या. त्यामुळे लांबून लाल सिग्नल दिसला की मी गाडी मुंगीच्या पावलाने नेत असे, म्हणजे आम्ही पोहोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. काही जण शेजारून जाताना काच खाली करून माझ्या कुटुंबाविषयी बोलत होते, आणि कुटुंब शेजारी बसून ऐकत होतं. एक आजी हातात पिशवी घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या.

अशाच एका सिग्नलच्या अलीकडे आमच्या ऑफिसचे साहेब उभे होते. मी "घरगुती अडचण" म्हणून रजा टाकली होती आणि साहेबांनी ती तोंड वाकडं करून दिली होती. त्यांची गाडी गॅरेजला असावी. मला पाहून त्यांनी हात केला. आता बॅटरी आधीच कण्हायला लागली होती. थांबलो असतो तर पुन्हा निघालो असतोच असं नाही. म्हणून मी थांबलो नाही. साहेबांना वाटलं मी पुढे थांबतोय, म्हणून ते गाडीबरोबर चालायला लागले.

"अरे, ऑफिसकडे का?"

"नाही साहेब, उलट्या बाजूला."

"मग पुढच्या चौकात सोड."

"साहेब, थांबवली तर परत निघणार नाही. क्लच गेलाय."

साहेब आता भरभर चालत होते. बाबांनी अगत्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "या ना, चालत्या गाडीत बसा. आमच्यात औपचारिकता नाही." साहेबांनी दाराला हात घातला, चार पावलं पळाले, आणि तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. बायको म्हणाली, "आता." माझ्या हाताने माझं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. दुसरा असा पडला की काय सांगू. आरशात साहेब लहान लहान होत गेले. हात त्यांचा तसाच वर होता.

"काय सुरेख पडला," बायको म्हणाली.

माझ्या बढतीचे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत.

थोड्या वेळाने मागून बाबांनी विचारलं, "काय रे, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही?"

"नाही. नुसता ठेवलाय."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. रजेवर आहे."

"हं," ते म्हणाले. नंतर ते दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकले आणि कार्यालय येईपर्यंत माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, गिअरबॉक्सची काळजी वाटतेय.

कार्यालयाच्या आवारात गाड्यांची रांग होती. बिनक्लचच्या गाडीला रांगेसारखा दुसरा शत्रू नाही. एक गाडी पुढे सरकते, थांबते. आपण किल्ली फिरवायची, उडी मारायची, थांबायचं. असं थोडा वेळ चाललं आणि मग बॅटरीने प्राण सोडला. किल्ली फिरवली की नुसतं टक्. आता ढकलणं आलं. मी आणि बायको मागे गेलो. स्टेअरिंगला कोणीतरी हवं, तर बाबा पुढे येऊन बसले. ढकलत्या गाडीला गुडघा लागत नाही, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. मागच्या व्हॅनवाल्यानेही हात लावला. सरकारी रांगेत माणुसकी असते. आपला नंबर लवकर यावा म्हणून असते, पण असते.

तपासणीला एक बाई होत्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आणि चेहऱ्यावर असा शीण की मला एकदम घरच्यासारखं वाटलं. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, टायर पाहिले. बाबांना पिवळ्या पट्टीवर ब्रेक दाबायला सांगितलं, आम्ही ढकलली, गाडी पट्टीवर थांबली. "ब्रेक उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली. व्हॅनवाल्याने आपल्या बॅटरीची वायर जोडून दिली आणि इंजिन सुरू झालं. धूरही नीट निघाला. माझ्या मनाने पेढे वाटायला घेतले.

"छान. आता पुढे घ्या."

कोणी हललं नाही.

"घ्या ना पुढे."

"मॅडम, क्लच नाहीये," मी म्हणालो.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे आहे. पण नाहीये."

"मग ही गाडी चालत नाही."

"चालते ना. चालतच आलीये."

"क्लचशिवाय? कशी?"

"सुरावर," माझी बायको म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि परत घातला. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडता आलं असतं. "अहो," त्या म्हणाल्या, "क्लच नसलेली गाडी मी पास केली आणि उद्या कुठे काही झालं, तर मी काय सांगू? सुरावर चालत होती? वायर घालून आणा."

"वायर मिळत नाही. आणि मुदत आज संपतेय."

त्यांनी कागद पाहिला. मग आत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते, शाळेच्या फोटोत बसतात तसे.

"आजोबा, गाडी तुमची का?"

"माझी."

"नाही होणार हो, आजोबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो मी केला. या खिडकीवर गेलो, त्या खिडकीवर गेलो. एका खिडकीवर कळलं की मुदतवाढीचा अर्ज करता येतो, फक्त सोबत गाडी पास झाल्याचा दाखला जोडावा लागतो. मी म्हणालो, दाखला असता तर मुदतवाढ कशाला मागितली असती? खिडकीतला कारकून म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आणि जेवायला गेला. मग पहारेकऱ्याने सांगितलं की नापास झालेली, त्यातून मुदत संपत आलेली गाडी आता फाटकाबाहेर रस्त्यावर नेता येणार नाही. आवाराच्या मागच्या बाजूला लावून जायची. तिकडून भंगारवाला उचलतो. पलीकडे अशा बऱ्याच गाड्या एकमेकींना टेकून उभ्या दिसत होत्या.

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सकाळपासून केलेल्या सगळ्या उठाठेवीचं फळ काय, तर आम्ही ती स्वतःच्या बळावर भंगारात आणून दिली. बायकोने पदराने डोळे टिपले. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "बाबा, तुम्ही उतरता का? मी धरतो स्टेअरिंग."

"नको. मी नेतो तिला."

मागच्या बाजूला जायची वाट नव्या शिकाऊ ड्रायव्हरांची परीक्षा घेतात त्या मैदानाच्या कडेने जाते. पांढरे पट्टे मारलेला गोल रस्ता, चहूकडून भिंत. जेवणाची सुट्टी असल्यामुळे मैदान रिकामं होतं. मी, बायको आणि तो व्हॅनवाला ढकलत होतो. पहारेकऱ्याने एका हातात किल्ल्यांचा जुडगा धरून दुसरा हात नैतिक पाठिंब्यासारखा डिकीवर ठेवला होता. मैदानाशी आलो आणि गाडी एकदम जड झाली.

"आजोबांनी ब्रेक दाबलाय का?" व्हॅनवाला धापा टाकत म्हणाला.

पुढे थोडा उतार होता. आम्ही सगळ्यांनी दात ओठ खाऊन जोर लावला. गाडीने एक आचका दिला, खोकली, आणि आमच्या हाताखालून निसटली. मी गुडघ्यांवर पडलो. मान वर करून पाहतो तर गाडी मागच्या बाजूला न जाता मैदानात वळली होती आणि पांढऱ्या पट्ट्यांमधून चालली होती. बाबांनी हळूच किल्ली फिरवून दुसरा गिअर टाकून ठेवला होता, आणि आम्ही गाढवासारखे ढकलत राहिलो होतो.

"बाबा," मी ओरडलो आणि उठून धावणार, तोच बायकोने माझी बाही धरली.

"ऐका," ती म्हणाली.

इंजिनाचा आवाज चढत गेला. मग क्षणभर सैल पडला, उतरला, आणि पुन्हा नीट लागला. खरखर नाही, आचका नाही. तिसरा पडला होता. बायकोने काही दुरुस्ती सांगितली नाही.

गाडी फेरी घेऊन आमच्यासमोरून गेली. बाबांचं कोपर खिडकीबाहेर होतं आणि डावा पाय त्यांनी बाजूला ऐसपैस लांब सोडला होता. चेहरा गंभीर, महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाचा. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वळणावर त्यांनी सिग्नल दिला. मैदानात दुसरं कुत्रंही नव्हतं, तरी दिला.

आम्ही दोघं कडेच्या कठड्यावर बसलो. बायकोने चपला काढून पाय चोळायला घेतले. पहारेकरी माझ्याजवळ आला.

"अहो, त्यांना थांबायला सांगा. सुट्टी संपली की परीक्षेवाले येतील."

"त्यांना थांबता येत नाही," मी म्हणालो.

"का?"

"गाडीला क्लच नाही ना."

त्याने विचार केला. त्याला गाडी चालवता येत नसावी. बाबा पुन्हा समोरून गेले.

"मग कठीण आहे," तो म्हणाला.

"फार कठीण आहे."

"मग आता हो?"

"आता काय, पेट्रोल संपलं की थांबतील."

त्याला ते पटलं. किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन तोही आमच्याशेजारी टेकला आणि गाडीकडे बघत म्हणाला, "किती असेल पेट्रोल?"

"असेल थोडंसं," मी म्हणालो. टाकी मी परवाच काठोकाठ भरली होती.